ओढदांडीवरचा शिशाचा पेटारा

मोटारीच्या मागे जोडून ओढून नेण्याच्या चिमुकल्या घरांचा, म्हणजे अमेरिकेतील ट्रॅव्हल ट्रेलरांचा इतिहास लिहिणारे लेखक त्यांच्या अश्रुबिंदूसारख्या आकारावर आणि लखलखीत ॲल्युमिनियमवर इतके लुब्ध झालेले असतात की, त्या घरात रात्री दिवा कशाच्या बळावर लागत होता, हा प्रश्न त्यांच्या दफ्तरी क्वचितच दाखल होतो. वास्तविक या वाहनाच्या शरीररचनेत ज्या एका वस्तूची जागा सर्वांत अधिक वादग्रस्त ठरली, ती वस्तू म्हणजे बॅटरी होय. आणि तो वाद वजन, वायू आणि तार या तीन पक्षांत जवळजवळ शंभर वर्षे चालत आला आहे.

१९१९ साली फ्लोरिडातील टँपा येथील डी सोटो पार्कात ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ या मोटारयात्रिकांच्या संघाची स्थापना झाली, तेव्हा हा वाद उद्भवण्याचे काही कारण नव्हते. प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये सिद्ध केलेली शिसे-आम्लाची बॅटरी मोटारीत येऊन फार दिवस झाले नव्हते. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत केटरिंग या अभियंत्याने विजेवर चालणारा स्टार्टर बसविला आणि त्यायोगे तिला तेथे कायमची सनद मिळाली, इतकेच. मुक्कामावर उजेड हवा असेल तर कोलमनचा कंदील पेटवावा, नाहीतर मोटारीच्या बॅटरीतून एक तार तंबूत ओढावी आणि सकाळी इंजिन सुरू होईल की नाही याची चिंता करीत झोपी जावे, हा त्या काळचा शिरस्ता होता.

१९३६ साली वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीने ‘क्लिपर’ हा ट्रेलर विक्रीस आणला. चार माणसांची निजण्याची सोय, स्वतःचा पाणीसाठा आणि विजेचे दिवे असलेल्या या घराची किंमत १,२०० डॉलर होती, आणि मंदीच्या त्या दिवसांत ही रक्कम थोडीथोडकी नव्हती. त्या काळची मोटारीची वीज बहुधा ६ व्होल्टची असे, आणि कमी व्होल्टच्या विजेला जाड तार लागते. २४ वॉटचा दिवा ६ व्होल्टवर ४ अँपियर ओढतो, तर १२ व्होल्टवर त्याला २ अँपियर पुरतात. त्यामुळे तीच तार वापरली तर पहिल्या प्रकारात वाटेत चौपट वीज फुकट जाते. साहजिकच बॅटरी दिव्यांपासून दूर ठेवणे परवडत नसे. १९५० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकन मोटारी १२ व्होल्टवर आल्या आणि तारेचा पक्ष काहीसा नरमला.

वजनाचा पक्ष मात्र नरमण्यातला नव्हता. ज्यांनी बैलगाडी भरली आहे त्यांना गाडी उलाळ (मागे जड) होणे म्हणजे काय आणि धुरजड (पुढे जड) होणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. मोटारीमागच्या ट्रेलरालाही हाच न्याय लागू आहे, फक्त त्याची शिक्षा अधिक कठोर आहे: मागे भार अधिक झाला तर वेगात ट्रेलर डावीउजवीकडे झोकांड्या खाऊ लागतो आणि अखेर मोटारीलाही आपल्यासोबत फरफटत नेतो. म्हणून एकंदर वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या जोडावर पडावा, असा संकेत तेथे रूढ झाला.

आता राहिला वायू. शिसे-आम्लाची बॅटरी चार्ज होत आली की तिच्यातील पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन सुटतो, आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की एक ठिणगी पुरते. असली वस्तू निजण्याच्या खोलीत ठेवणे म्हणजे संकटाला आवतण देणे होते. तेव्हा ट्रेलराच्या पुढे मोटारीला जोडणारी जी त्रिकोणी लोखंडी दांडी असते, तिच्यावर गॅसच्या टाक्यांशेजारी एक पेटारा बसवून बॅटरीला तेथे ठेवण्यात आले. जुन्या वाड्यात पहारेकऱ्याला देवडीवर जागा देत, माजघरात नव्हे; तशीच ही व्यवस्था झाली. भार पुढे गेला, वायू उघड्यावर गेला, आणि मोटारीतून येणारी चार्जिंगची तारही आखूड झाली. एका जागेने तिन्ही पक्षांचे समाधान व्हावे, असा तोडगा यंत्रांच्या व्यवहारात विरळाच आढळतो, आणि तो कोणा एका संशोधकाच्या नावावर नोंदलेला नाही, याचे मला विशेष कौतुक वाटते.

युद्धोत्तर काळात बायम यांनी यात्रिकांचे तांडे मेक्सिकोपासून आफ्रिकेपर्यंत नेले आणि १९५७ च्या ‘इंटरनॅशनल’ ट्रेलराद्वारे बाहेरच्या विजेवाचून, पाण्यावाचून राहता येणाऱ्या स्वयंपूर्ण घराची कल्पना रूढ केली. फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी १९२२ साली ज्वालेच्या उष्णतेवर थंडी निर्माण करणारे शीतकपाट शोधून काढले नसते, तर हे स्वयंपूर्णत्व त्या काळच्या बॅटरीला झेपले नसते. शीतकपाट गॅसवर गेल्यामुळे तिच्याकडे दिवे आणि पाण्याचा पंप एवढीच चाकरी उरली. पुढे गरम हवेच्या भट्टीचा पंखा आला आणि थंडीच्या एका रात्रीत तो तिला निम्मी रिकामी करू लागला.

येथे निवडीचा प्रश्न पुढे आला. मोटारीच्या बॅटरीच्या प्लेटी पातळ असतात, कारण तिला क्षणभर प्रचंड प्रवाह द्यावयाचा असतो. तिच्याकडून रात्रभर काम घेतले तर ती लवकरच कायमची निकामी होते. जाड प्लेटींची, हळूहळू रिकामी होणारी बॅटरी हवी होती, आणि ती गोल्फच्या मैदानावर आयती तयार होती. तेथील गाड्यांसाठी केलेल्या ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की १२ व्होल्ट आणि सुमारे २२० अँपियर-तासांचा साठा मिळतो. जाणत्या यात्रिकांनी ही जोडी उचलली आणि अर्ध्याहून अधिक रिकामी करावयाची नाही, असा दंडक घातला.

तिची सेवा मात्र कडक होती. महिन्या-दोन महिन्यांनी पेटारा उघडावा, टर्मिनलांवर जमलेला पांढरा-हिरवट खार सोड्याच्या पाण्याने धुवावा, बुचे काढून प्लेटी उघड्या पडलेल्या सेलांत डिस्टिल्ड वॉटर घालावे, मग चार्ज पुरा करून हायड्रोमीटरमध्ये आम्ल ओढावे. तरंगणारी कांडी १.२६५ च्या आसपास उभी राहिली म्हणजे जीवात जीव यावा. सहापैकी एकाच सेलात ती बुडाली तर समजावे की जोडीचे दिवस भरले.

बंदिस्त जेल आणि काचतंतूंच्या बॅटऱ्यांनी पुढे ही सेवा बरीच कमी केली. परंतु जागेचा निवाडा खऱ्या अर्थाने फिरविला तो लिथियम लोह फॉस्फेटने, ज्याविषयीचा शोधनिबंध १९९७ साली टेक्सास विद्यापीठातील गुडइनफ आणि भारतीय वंशाचे अक्षय पाढी प्रभृती संशोधकांनी प्रसिद्ध केला. ही बॅटरी नेहमीच्या वापरात हायड्रोजन सोडत नाही, १०० अँपियर-तासांना तिचे वजन बारा-तेरा किलोंच्या घरात भरते, आणि शून्य अंशाखाली मात्र ती चार्ज करता येत नाही. म्हणजे जिला वायूमुळे बाहेर ठेवले होते, तिला थंडीमुळे आत, पलंगाखाली घ्यावे लागले.

पण त्यामुळे जुना हिशोब विस्कटला. सातशे किलोंच्या लहान ट्रेलराच्या जोडावर निदान सत्तर किलो भार हवा. गोल्फच्या जोडीचे वजनच साठ किलोंच्या आसपास, आणि दांडीवर असल्यामुळे त्यातील बहुतेक भार जोडावर पडत असे. ती काढून हलकी बॅटरी आत आसाजवळ सरकविली की तोच ट्रेलर उलाळ होतो. म्हणून नव्या बॅटरीचा धनी आता पाण्याची टाकी आसाच्या पुढे आहे की मागे, हे पाहिल्यावाचून पलंगाखालची जागा मुक्रर करीत नाही.