भवानी पेठ, सोलापूर : परंपरा व प्रेक्षणीय स्थळे

सोलापूर शहराच्या पूर्व भागातील दाट वस्तीची पेठ. घोंगडे वस्ती, मड्डी वस्ती हे तिचेच भाग. जोडभावी पेठ शेजारी. सोलापूरकर ‘पूर्व भाग’ म्हणतात तेव्हा त्यात दिशेपेक्षा जास्त काही असते : यंत्रमागांची खडखड, घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी, देवळात कन्नडचेही चार शब्द. पेठेतील माणूस वर्षभर ज्या उत्सवांत असतो ते बहुतेक पेठेच्या हद्दीबाहेर भरतात. म्हणून या नोंदीत सारे शहर आणि जवळचा परिसर घेतला आहे.

नाव : सोळा गावे मिळून सोलापूर, ही लोकप्रिय व्युत्पत्ती. कन्नड वचनसाहित्यात शहराचे ‘सोन्नलगी’ हे नाव आढळते, ते तिच्या आड येते.

सिद्धेश्वर यात्रा (गड्डा) : बाराव्या शतकातील शिवयोगी व वचनकार सिद्धरामेश्वर हे शहराचे ग्रामदैवत. बसवेश्वर आणि अल्लमप्रभू हे त्यांचे समकालीन. लोकांच्या श्रमातून त्यांनी तळे खोदविले व गावाभोवती ६८ लिंगे स्थापिली, अशी परंपरा आहे. एका कुंभारकन्येने त्यांच्याशी विवाहाची इच्छा धरली. त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावण्याची तिला मुभा दिली. यात्रेतील मुख्य विधी या एका लग्नाचे आहेत. कथेचा पुढचा भाग निरनिराळ्या प्रकारे सांगितला जातो.

योगदंडाचे प्रतीक म्हणजे नंदीध्वज. असे सात उंच, सजविलेले नंदीध्वज आहेत व त्यांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे आहेत. शेवटच्या दोहोंचा मान मातंग समाजाचा. मिरवणूक उत्तर कसब्यातील, मानकरी हिरेहब्बू घराण्याच्या वाड्यातून निघते. १३ जानेवारीला यण्णीमज्जन, म्हणजे ६८ लिंगांना तैलाभिषेक. १४ ला तळ्याकाठच्या संमती कट्ट्याजवळ अक्षता सोहळा. १५ ला होम मैदानावर होमविधी. १६ ला शोभेचे दारूकाम. १७ ला कप्पडकळ्ळी, म्हणजे नंदीध्वजांची वस्त्रे उतरविणे.

नंदीध्वज हलतो तो क्षण जवळून पाहावा असा. पांढऱ्या बाराबंदीतला मानकरी कमरेच्या पट्ट्यावर काठीचे बूड घेतो, गुडघे किंचित वाकवतो, मान मागे टाकून शेंड्याकडे पाहतो आणि मगच पाऊल उचलतो. शेंडा कलला की भोवतालचे चार हात पुढे होतात. आधी कित्येक आठवडे संध्याकाळी याचा सराव चाललेला असतो. वाटेवर ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ हा घोष थांबत नाही. अक्षतेच्या वेळी संमतीचे, म्हणजे या लग्नाच्या मंगलवचनांचे, वाचन कन्नडमध्ये होते. ती भाषा न येणारी हजारो माणसे नेमक्या शब्दाला अक्षता टाकतात. लहानपणापासून कानावर पडलेले ते शब्द त्यांना अर्थ न विचारता कळतात.

होमाच्या दिवशी बाजरीच्या पेंढ्यांची कुंभारकन्या करून तिला साडी नेसवितात व होमकुंडात अग्नी देतात. त्याच रात्री वासराची भाकणूक होते. मानकरी देशमुख घराण्याचे, दिवसभर उपाशी ठेवलेले वासरू मैदानात आणून त्याच्यापुढे धान्य व चारा मांडतात. ते काय हुंगते, कशाला तोंड लावत नाही, बिथरते की शांत राहते, यावरून वर्षाचा पाऊस आणि बाजारभाव यांचा अंदाज बांधला जातो. शेतकरी हे ऐकायला मुद्दाम थांबतात. गड्ड्याची बाजारपेठ, पाळणे व खाऊगल्ली यांना पुढे बराच काळ गर्दी असते.

विणकाम : पेठेतील खरे पाहण्यासारखे काही असेल तर ते माग. एकोणिसाव्या शतकापासून तेलंगणातील, म्हणजे तेव्हाच्या निजामी मुलखातील, पद्मशाली विणकर कामासाठी सोलापुरात येऊ लागले. १८७७ ची ‘जुनी मिल’ आणि तिच्यामागून आलेल्या इतर गिरण्यांनी शहराला कापडाचे गाव केले. पूर्व भागातील पेठा मात्र घरच्या मागांवर उभ्या राहिल्या. तळघरात किंवा पुढल्या खोलीत माग आणि मागच्या बाजूला संसार, अशी कित्येक घरे होती.

सोलापुरी चादर ही जेकार्डवर विणलेली दुपदरी सुती चादर. एका बाजूला तांबड्यावर पांढरा मोर असेल तर उलट बाजूला पांढऱ्यावर तांबडा. नक्षी रंगविलेली किंवा छापलेली नसते. ती धाग्यातच असते. नक्षीचा सगळा हिशेब भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर असतो. पत्त्यांची माळ मागाच्या डोक्यावर फिरते, भोकानुसार उभ्या ताण्यातले ठराविक धागे उचलले जातात आणि खालून धोटा बाणा टाकून जातो. एक पत्ती चुकीची बसली तर मोराची मान तुटते, आणि ती चूक पुढच्या प्रत्येक चादरीत उतरते. म्हणून जुना कारागीर कापड पाहण्याआधी मागाचा आवाज ऐकतो. सोलापुरी चादर व सोलापुरी टॉवेल या दोहोंना भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे. तरीही चादरीचे माग कमी होत गेले आणि पुष्कळ कारखाने टॉवेलकडे वळले. बाहेरगावी विणलेला माल सोलापुरी म्हणून विकला जातो, ही विणकरांची जुनी तक्रार रास्त आहे. खरी चादर ओळखायची असेल तर ती उलटून पाहावी.

विडी : घराच्या उंबऱ्यात मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या स्त्रिया हे पूर्व भागातले नित्याचे दृश्य. तेंदूचे पान कात्रीने बेतायचे, तंबाखू भरायची, वळायचे, टोक दाबायचे, दोरा बांधायचा. नजर समोरच्या बोलण्यावर आणि हात सुपात. शहराजवळच्या कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी १०,००० घरांची गोदुताई परुळेकर वसाहत उभी आहे. प्रवासवर्णनांत तिचा उल्लेख क्वचितच येतो. तो यायला हवा.

पद्मशाली सण : मार्कंडेय ऋषी हे समाजाचे आराध्य व मूळपुरुष मानले जातात. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय मंदिरात जानवी बदलण्याचा विधी होतो व रथोत्सव निघतो. पूर्व भागातील पेठांत त्या दिवशी माग बंद असतात. पितृपक्षाच्या अखेरीपासून तेलुगू स्त्रिया बतुकम्मा मांडतात : तरवड, कुरडू, झेंडू यांची थरावर थर चढविलेली फुलांची रास, तिच्याभोवती फेर धरून गाणी, आणि शेवटी पाण्यात विसर्जन. दाजी पेठेतील व्यंकटेश्वर मंदिराचा ब्रह्मोत्सवही प्रसिद्ध.

रूपाभवानी व कोजागरीची वाट : तुळजापूर रस्त्यावरील रूपाभवानी मंदिरात नवरात्रात मोठी गर्दी होते. कोजागरी पौर्णिमेसाठी लाखो भाविक सोलापुरातून सुमारे ४५ किमी. पायी तुळजापूरला जातात. त्या रात्री हा रस्ता वाहनांचा राहत नाही. वाटेवर चहा, फराळ व पायांना तेल लावून देणारे मांडव असतात.

गणेशोत्सव : शुक्रवार पेठेतील आजोबा गणपती १८८५ पासूनचा असल्याचे सांगितले जाते. मिरवणुकीतील लेझीम पाहण्याजोगी.

हुतात्मे : मे १९३० मध्ये कायदेभंगाच्या चळवळीत शहराचा कारभार काही दिवस इंग्रजांच्या हातून निसटला, त्यावर सरकारने लष्करी कायदा पुकारला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. चार हुतात्मा चौकातील पुतळ्यांना दर वर्षी त्या दिवशी अभिवादन होते. दुसऱ्याच दिवशी यण्णीमज्जन. सोलापूरकरांच्या पंचांगात हे दोन दिवस जोडूनच येतात.

इतर स्थळे : तळ्यातील सिद्धेश्वर मंदिर, पाणी भरलेले असताना संध्याकाळी जावे. शेजारचा भुईकोट किल्ला बहमनी काळातला मानतात. १८१८ च्या मे महिन्यात तो इंग्रजांकडे गेला. महापालिकेची इंद्रभुवन ही देखणी इमारत. डॉ. द्वारकानाथ कोटणीस (१९१०–४२) यांचे स्मारक. सोलापुरात जन्मलेले कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले व जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या सैन्याची शुश्रूषा करीत तिथेच वारले. चीनमधून येणारे पाहुणे आजही हे स्मारक पाहतात. शहराजवळच्या नान्नज येथे माळढोक पक्ष्यांचे अभयारण्य आहे. माळढोक आता दिसेलच असे नाही.

दक्षिण सोलापूर तालुक्यातील हत्तरसंग-कुडल येथे भीमा व सीना यांच्या संगमावर हरिहरेश्वर मंदिर आहे. तेथील ३५९ मुखांचे शिवलिंग आणि शके ९४० (इ.स. १०१८) चा मराठी लेख प्रसिद्ध आहेत. आद्य मराठी लेख कोणता, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. अक्षी आणि श्रवणबेळगोळ येथील लेखांचेही दावे आहेत.

खाद्य : कुटून तेल सुटलेली शेंगाचटणी, कडक भाकरी, शेंगापोळी, हुग्गी. कडक भाकरी बरेच दिवस टिकते; पायी जाणारे ती फडक्यात बांधून नेतात.

वाहतूक : मुंबई-चेन्नई लोहमार्गावरील मोठे स्थानक. स्थानकापासून भवानी पेठेत रिक्षा जाते.