डुकराच्या माथीं मारलेलें नांव

रोगास नांव देणें हा दिसण्यांत निरुपद्रवी व्यवहार आहे. परंतु नांवामागोमाग दोष येतो, आणि एकदां दिलेला दोष परत घेण्याची चाल जगांत फारशी नाहीं. १९१८ सालच्या इन्फ्ल्युएंझास युरोपांत स्पेनचें नांव मिळालें. वास्तविक तो स्पेनमध्यें उद्भवल्याचा पुरावा नव्हता. आमच्या लोकांनीं त्यास 'मानमोडी' म्हटलें, तें त्या मानानें प्रामाणिक. कारण त्यांत कोणावर आरोप नसून भोगाचें वर्णन होतें. २००९ सालच्या साथीस मात्र 'स्वाइन फ्लू' हें नांव पडलें आणि सारा दोष डुकराच्या माथीं बसला. हा आरोप इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरतो, हें पाहण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

मानमोडीचा हिंदुस्थानांतील आरंभ मुंबई बंदरांत दिसून आला. १० जून १९१८ रोजीं सात पोलीस शिपाई तापानें रुग्णालयांत दाखल झाले. त्यांतील एक गोदीवर नेमलेला होता. शहराचे आरोग्याधिकारी डॉ. टर्नर यांचें म्हणणें असें कीं, मे अखेरीस बंदरास लागलेल्या एका जहाजाच्या खलाशांनीं हा ताप आणला. सरकारचें म्हणणें असें कीं, खलाशांनाच तो मुंबईंत जडला. हा वाद चालू असतां रोग कोणासाठीं थांबला नाहीं. पावसाळ्याच्या अखेरीस तो अधिक उग्र रूपानें उसळला. ६ ऑक्टोबर या एका दिवशीं मुंबईंत ७६८ माणसें दगावलीं. साऱ्या देशांतील मृत्यूंचा अंदाज १ कोटी २० लाखांपासून २ कोटींपर्यंत केला जातो.

त्याच सुमारास अमेरिकेंत आयोवा प्रांतीं जे. एस. कोएन नांवाच्या सरकारी पशुवैद्यास डुकरांत एक नवाच रोग आढळला. माणसांच्या तापाशीं त्याचें साम्य पाहून त्यानें त्यास 'फ्लू' असेंच म्हटलें; त्यावर, गिऱ्हाइकें भितील म्हणून, डुकरांचे व्यापारी रागावले. १९३१ सालीं रिचर्ड शोप यांनीं डुकरांतील त्या रोगाचा विषाणु दाखवून दिला. माणसांतील विषाणु लंडन येथें १९३३ सालीं हातीं लागला. पुढें असें दिसून आलें कीं, १९१८ ची साथ अनुभवलेल्या प्रौढांच्या रक्तांत शोप यांच्या विषाणूस निष्प्रभ करणारीं द्रव्यें आहेत, परंतु मागाहून जन्मलेल्या मुलांत तीं सहसा नाहींत. यावरून दोन्ही रोग सख्ख्या नात्याचे ठरले. आणि तो विषाणु माणसांपासून डुकरांकडे गेला असावा, याकडेच बहुतेक अभ्यासकांचा कल आहे. म्हणजे येथें फिर्यादी व आरोपी यांच्या जागा बदलतात!

हें कसें घडतें तें थोडक्यांत सांगतों. या विषाणूंचें मूळ घर रानबदकें व इतर पाणपक्षी होत. विषाणूचा आनुवंशिक मजकूर आठ सुट्या तुकड्यांत असतो; जणूं आठ सुट्या पानांची पोथीच. ही पोथी उतरतांना लेखनप्रमाद फार होतात, आणि ते शोधून दुरुस्त करणारा कोणी नसतो. म्हणून विषाणु सतत थोडाथोडा पालटत जातो. डुकराच्या श्वासनलिकेंत पक्ष्यांच्या व माणसांच्या अशा दोन्ही विषाणूंस शिरकाव मिळूं शकतो. एकाच पेशींत दोन पोथ्या शिरल्या म्हणजे त्यांचीं पानें मिसळतात व तिसरीच पोथी तयार होते. १९९८ च्या सुमारास अमेरिकेंतील डुकरांत पक्षी, मनुष्य व डुक्कर या तिघांचीं पानें एकत्र असलेला विषाणु आढळला. २००९ च्या विषाणूचीं सहा पानें त्या वंशाचीं व दोन युरोप-आशियांतील डुकरांच्या वंशाचीं. हें मिश्रण मेक्सिकोंतील डुकरांत झालें, असें पुढील संशोधनांत दिसून आलें.

डुक्कर हें नुसतें मिश्रणाचें पात्र नव्हे, तें जुनें दप्तरही आहे. मांसासाठीं पाळलेलें डुक्कर बहुधा वर्षाच्या आंतच मारलें जातें. त्यामुळें कळपांत जुन्या रोगाची प्रतिकारशक्ति सांचून राहत नाहीं, आणि माणसांतून केव्हांच लोपलेलीं विषाणूचीं रूपें तेथें टिकून राहतात. २००९ सालीं वृद्धांस झळ त्या मानानें कमी लागली व तरुणांस अधिक, याचें एक कारण हेंच. वृद्धांच्या शरीरास त्या जुन्या रूपाची ओळख होती. देशांतील पहिला मृत्यु ३ ऑगस्ट २००९ रोजीं पुण्यांत झाला, तो एका चौदा वर्षांच्या मुलीचा.

पुण्यांत ती साथ माणसापासून माणसास लागत गेली, डुकरांपासून नव्हे. तथापि नांवाचा परिणाम व्हावयाचा तो झालाच. इजिप्तमध्यें एकही रोगी आढळला नसतां एप्रिल २००९ मध्यें सुमारें तीन लाख डुकरें मारण्याचा हुकूम सुटला. त्यांत कैरोचा कचरा उचलून त्यावर डुकरें पोसणाऱ्या गरीब कुटुंबांची उपजीविका बुडाली, आणि शहरांत कचऱ्याचे ढीग साठले. रोग मात्र यावयाचा तो आलाच. पुढें याच विषाणूची लागण माणसांकडून डुकरांस देशोदेशीं वारंवार झाल्याचें दिसून आलें आहे.

मुंबईसमोर खाडीपलीकडील उरणास हा विचार दूरचा नाहीं. तेथील पाणथळ जागांवर हिंवाळ्यांत परदेशचे पक्षी उतरतात; १९८९ पासून न्हावा-शेव्याच्या बंदरांत जगभरचीं जहाजें लागतात; आणि गांवोगांव परसांत कोंबड्या आहेत. जानेवारी २०२५ मध्यें, १९३० च्या जंगल सत्याग्रहामुळें प्रसिद्ध असलेल्या याच तालुक्यांतील चिरनेर गांवीं कोंबड्यांत इन्फ्ल्युएंझा आढळला व त्या नष्ट कराव्या लागल्या. अशा वेळीं 'हा कोणी आणला?' हा डॉ. टर्नर यांच्या काळचा प्रश्न तोंडीं येणें स्वाभाविक आहे. परंतु त्याहून उपयुक्त प्रश्न असा कीं, पक्षी, पशु व माणूस हीं कोठें कोठें एकत्र येतात, आणि तेथें पाहणारा कोणी आहे काय? पशुवैद्य व डॉक्टर यांनीं आपापल्या नोंदी एकमेकांस दाखविल्या पाहिजेत; आणि ज्याचें जनावर आजारी पडलें त्या गरिबास, आपण आरोपी ठरूं या भीतीनें तें लपवावें असें वाटतां कामा नये. त्यास वेळेवर भरपाई मिळेल असा विश्वास असेल तरच पहिली खबर त्याच्याकडून येईल, आणि ती खबरच साऱ्या गांवाचें रक्षण करील.