दोन लोखंडांमधील रबर

मोटारीचा इतिहास लिहिणारे बहुधा तिच्या एंजिनाचा इतिहास लिहितात. अश्वशक्ति किती, वेग किती, शर्यत कोणीं जिंकली, या गोष्टींना त्यांत मानाचें स्थान मिळतें. परंतु गाडी म्हातारी होऊं लागली म्हणजे पुष्कळदां एंजिनाच्या आधीं थकतो तो चाकाचा बाहू आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्यें दडलेला रबराचा लहानसा तुकडा. कारागीर त्याला बुश म्हणतात. तो दिसत नाहीं, त्याची किंमत अल्प असते, आणि तो झिजला तर ब्रेक लावतांच सरळ जाणारी गाडी एका बाजूस ओढूं लागते. जुन्या स्पोर्ट्‌स गाडीचा मालक नवे बुश निवडावयास बसतो तेव्हां शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास त्याच्या पुढ्यांत असतो.

घोड्यांच्या बग्गीपासून मोटारीला जो वारसा मिळाला, त्यांत पाट्यांची स्प्रिंग ही एक मुख्य वस्तु होती. स्प्रिंगेच्या टोकांत पोलादी खीळ व तिच्याभोंवतीं ब्राँझचें नळकांडें अशी ही रचना असे. धातूवर धातु घांसत असल्यामुळें तेथें सतत वंगण लागे. रस्त्यावरील धूळ त्या वंगणांत मिसळली म्हणजे त्याचीच कानस बने आणि खीळ व नळकांडें दोन्ही खाऊन टाकी. म्हणून जुन्या मोटारीच्या मालकाला किंवा त्याच्या ड्रायव्हरला ग्रीसची पिचकारी घेऊन वारंवार गाडीखालीं शिरणें चुकत नसे.

या कष्टांतून सुटका केली ती रबरानें. पण रबर स्वतः त्या योग्यतेस यावयास बराच काळ लागला. कच्चें रबर उन्हाळ्यांत चिकट होई व थंडींत ताठर बने. अमेरिकेंतील चार्ल्‌स गुडइयर यानें १८३९ सालीं गंधक मिसळून तापविलेलें रबर हे दोन्ही दोष टाकतें असें पाहिलें व १८४४ सालीं त्याचें पेटंट घेतलें. मध्यंतरीं १८४२ सालीं स्टीफन मोल्टन नांवाच्या इंग्रज गृहस्थानें त्या रबराचे नमुने इंग्लंडांत नेले. तेथें टॉमस हॅन्कॉक यानें असे नमुने पाहून त्यांतील रहस्य हुडकलें आणि १८४३ मध्यें गुडइयरच्या आधींच इंग्रजी पेटंटासाठीं अर्ज केला. गुडइयर १८६० सालीं कर्जबाजारी स्थितींत वारला. मोल्टननें मात्र १८४८ सालीं विल्टशायरमधील ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन या गांवीं लोकरीच्या एका बंद गिरणींत रबराचा कारखाना काढला. रेल्वेच्या डब्यांच्या रबरी स्प्रिंगा तेथें होऊं लागल्या. आणि त्याचाच पणतू अ‍ॅलेक मोल्टन यानें १९५९ सालच्या मिनी गाडीसाठीं रबराच्या स्प्रिंगा तयार केल्या.

राहिली होती एक अडचण. रबर लोखंडास चिकटत नसे. लोखंडावर पितळेचा पातळ मुलामा देऊन त्यावर गंधकयुक्त रबर तापविलें, तर पितळेंतील तांबें व गंधक यांच्या संयोगामुळें दोहोंची घट्ट जोड होते, हें ध्यानीं आल्यावर बुशाचें स्वरूपच पालटलें. बाहेर एक पोलादी नळी, आंत दुसरी, आणि मध्यें दोहोंस चिकटलेलें रबर! बाहू वरखालीं झाला कीं कांहींहि घांसत नाहीं. रबर आंतल्या आंत पीळ खातें व पुन्हां सरळ होतें. वंगण नको, धुळीचें भय नाहीं, आणि रस्त्याचा खडखडाटहि गाडींत पोहोंचत नाहीं. रबराच्या या गुणाची कीर्ति क्रायस्लर कंपनीनें १९३१ च्या प्लिमथ गाडींत एंजिनच रबरावर तोलून सर्वत्र पसरविली.

या सर्व पायऱ्या एकाच गाडींत पाहावयाच्या असतील तर एम्. जी. बी. पाहावी. इंग्लंडांतील अ‍ॅबिंग्डन येथें १९६२ पासून १९८० पर्यंत ही गाडी पांच लाखांहून अधिक संख्येनें तयार झाली. तिच्या पुढील चाकाच्या खालच्या बाहूचें बाहेरील टोक जुन्या पद्धतीचें, म्हणजे धातूचें व ग्रीस मागणारें आहे; आंतील टोक रबरी बुशांत बसविलेलें आहे. हे मूळचे बुश साधे, दोन तुकड्यांचे व धातूस न चिकटविलेले होते. १९७३ सालीं याच गाडींत आठ सिलिंडरांचें अधिक सामर्थ्याचें एंजिन बसविलें, तेव्हां तिला दोन नळ्यांमध्यें रबर चिकटविलेले एकसंध बुश देण्यांत आले. ती गाडी १९७६ पर्यंत अवघी २,५९१ निघाली. पण तिचे बुश साध्या एम्. जी. बी. लाहि बसत असल्यामुळें जाणत्या मालकांनीं ते उचलले आणि आजहि ते वापरतात.

तिसरा पर्याय पॉलियुरेथेनचा. या द्रव्याच्या रसायनाचा पाया ऑटो बायर व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९३७ सालीं जर्मनींतील लेव्हरकूझेन येथें घातला. त्याचे बुश रबराहून बहुधा कठीण असतात, आणि तेलानें लवकर नासत नाहींत. चाक आपली जागा सोडीत नाहीं, म्हणून वळणावर गाडी तत्पर वाटते. परंतु हे बुश पीळ खाण्याऐवजीं खिळीभोंवतीं फिरतात. म्हणजे घर्षण पुन्हां आलें, आणि घर्षणामागून वंगणहि आलें. योग्य ग्रीस न लावल्यास ते कुरकुरतात, आणि फार कठीण असल्यास रस्त्याचा प्रत्येक खडा हातास कळवितात.

मग निवडावें काय? गाडी शर्यतीसाठीं असेल तर पॉलियुरेथेन शोभतें. रविवारच्या फेरफटक्यासाठीं असेल तर आठ सिलिंडरी गाडीचे चिकटविलेले बुश अधिक समंजस. गाडी जशी निघाली तशीच राखण्याचा ज्यांचा आग्रह आहे, त्यांनीं मूळच्या घडणीचे साधे बुश घालावे. मात्र एका मोहापासून दूर राहावें. चाळीस वर्षांपूर्वींच्या मूळ वेष्टनांतील बुश पाहून संग्राहकाला आनंद होतो. पण हवेंतील ओझोन व उष्णता यांमुळें रबर कपाटांत पडल्या पडल्याहि म्हातारें होतें. वेष्टन अस्सल असलें तरी आंतला माल निकामी असूं शकतो. त्याच नमुन्याचा, पण नुकताच घडविलेला व चांगल्या रबराचा बुश हाच मूळ गाडीशीं खरा इमान राखतो.

बसवितांनाहि एक नियम पाळावा लागतो. चिकटविलेल्या बुशाची खीळ गाडी चाकांवर उभी राहून आपल्या नेहमींच्या उंचीवर आल्यावरच पक्की आवळावयाची असते. चाक अधांतरीं लोंबत असतांना ती आवळली तर गाडी खालीं येतांच रबरास कायमचा पीळ बसतो, आणि नवा बुश थोड्याच दिवसांत फाटतो. दोन्ही बाजूंचे बुश एकदमच बदलावे. एक बाजू ताठ व दुसरी सैल असेल तर गाडी सरळ चालणार नाहीं. बुशाची किंमत थोडी असते, तो बदलण्यासाठीं बाहू मात्र खोलावा लागतो. म्हणून चार पैसे वांचविण्यासाठीं हलका माल घेणें यांत शहाणपण नाहीं.

आणि बाहूच्या बाहेरील टोकाचा विसर पडूं देऊं नये. आंतल्या टोकास रबराचें कितीहि उत्तम साहाय्य मिळालें, तरी तेथील धातूचा सांधा अद्याप बग्गीच्याच पद्धतीचा आहे. नवे बुश घातल्यानंतरहि ग्रीसची पिचकारी जवळ ठेवावी लागते.