निमिषभराचा उशीर

चेन्नईत नुंगंबाक्कमच्या कॉलेज रोडवर हवामान खात्याचं कार्यालय आहे. वादळाची चाहूल लागली की अख्खं शहर त्याच्याकडे कान लावून बसतं. त्याच आवारात ग्रॅनाइटचा एक खांब उभा आहे. उंची 15 फूट, वजन सुमारे 10 टन, अंगावर 1792 साल आणि तमिळ-तेलुगूसह अनेक भाषांतला मजकूर. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास वेधशाळेची दुर्बीण यावर बसवलेली असे. दुर्बीण तसूभरही हलू नये म्हणून एवढा दगड. पण तिला डोळा लावणाऱ्या माणसाचं काय?

त्याचं काम भलतंच अवघड. डोळा ताऱ्यावर, कान घड्याळाच्या ठोक्यांवर; तारा भिंगातला उभा धागा ओलांडेल तो क्षण सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत अंदाजानं टिपायचा. इंग्लंडच्या ग्रिनिच वेधशाळेत 1796 मध्ये तिचा प्रमुख मॅस्केलाइननं आपल्या सहायकाला, किनेब्रुकला, याच कामावरून घरी पाठवलं. त्याच्या नोंदी साहेबांच्या नोंदींपेक्षा 0.8 सेकंद मागे पडत. पुढे 1820 च्या सुमारास जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलनं निरीक्षकांच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा कळलं की मुरलेल्या निरीक्षकांतही असा फरक असतो आणि तो मोजून वजा करता येतो. त्याला ‘वैयक्तिक समीकरण’ म्हणू लागले. किनेब्रुक 1802 मध्येच वारला होता.

नुंगंबाक्कमला 1820 च्याच सुमारास मद्रास वेधशाळेचा खगोलशास्त्रज्ञ जॉन गोल्डिंगहॅम आवाजाचा वेग मोजत होता. सेंट जॉर्ज किल्ल्यावर आणि सेंट थॉमस माउंटवर तोफा उडत. ज्वाळा दिसल्यापासून आवाज कानी पडेपर्यंतचा वेळ निरीक्षक मोजत. माउंट सुमारे 9 किलोमीटर दूर, म्हणजे 26 सेकंदांची वाट. एवढ्यात माणसाचा कणभर उशीर खपून जाई; ताऱ्याच्या वेधात नाही.

खगोलवाल्यांना जो दोष वाटला, तोच मानसशास्त्रानं उचलला. विसाव्या शतकाच्या आरंभी झुरिकला मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग एकेक शब्द उच्चारी आणि उत्तर यायला लागणारा वेळ घड्याळ लावून मोजी. समोरचा अडखळला, म्हणजे शब्द कुठेतरी लागला.

संगणकानं हे घड्याळ पडद्याआड नेलं. नोकरीसाठी प्रश्नावली भरणाऱ्या मुलीपुढे ‘मी सहसा चिडत नाही’ असं विधान येतं. ती थांबते. का? विधान लांबलचक असेल, नकारार्थी असेल, परक्या भाषेतलं असेल. ज्या गुणाबद्दल स्वतःची खात्री असते तिथे बोट पटकन चालतं; ‘कधी चिडते, कधी नाही’ अशा मधल्या माणसाला वेळ लागतो. आणि खोटं? कॅनडाचे रोनाल्ड होल्डन आणि सहकाऱ्यांना 1990 च्या दशकात दिसलं, की चांगलं दिसायचा आव आणणाऱ्यांना स्वतःचा दोष कबूल करायला जास्त वेळ लागतो. बढाई मात्र झटकन निघते.

पण त्यासाठी होल्डन यांनाही आधी त्या माणसाचा नेहमीचा वेग आणि त्या विधानाला सर्वांना लागणारा वेळ वजा करावा लागला. बेसेलचीच वजाबाकी. ती न करता सेकंद वाचले, तर तमिळ माध्यमात शिकून इंग्रजी विधान दोनदा वाचणारी मुलगी लबाड ठरायची.