काचबिंदूवरील शस्त्रक्रिया आणि अतिन्यून नेत्रदाब : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

काचबिंदूवरील शस्त्रक्रियेचा इतिहास सामान्यतः डोळ्यातील वाढलेला दाब उतरविण्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो. दाब प्रमाणाबाहेर उतरल्यास काय, हा प्रश्न त्यात दीर्घकाळ दुय्यम राहिला. मराठीत ‘काचबिंदू’ हा शब्द घरोघरी रूढ आहे. अतिन्यून दाबाला मात्र लोकव्यवहारात नावही नाही.

निरोगी डोळ्यातील दाब साधारणतः १० ते २१ मिलिमीटर पारा इतका असतो. तो ६ च्या खाली गेल्यास नेत्रगोल सैल पडतो, दृष्टिपटलाच्या मध्यभागी सुरकुत्या पडतात आणि दृष्टी मंदावते.

या इतिहासाचा एक निर्णायक टप्पा भारतात घडला. मद्रासच्या शासकीय नेत्र रुग्णालयाचे अधीक्षक रॉबर्ट हेन्री एलियट यांनी १९०९ साली पारपटलाच्या कडेला बारीक गोल छिद्र पाडून नेत्रजलास बाहेर वाट करून देण्याची पद्धत अवलंबिली. ग्लासगोचे फर्ग्युस यांचे तत्सम कार्य त्याच काळातील असल्याने अग्रक्रमाचा वादही झाला. तथापि भरपूर रुग्णानुभवाच्या आधारे ही पद्धत जगभर पोहोचविण्याचे श्रेय एलियट यांचेच. १९१३ साली त्यांनी तीवर ग्रंथही लिहिला. मात्र हे छिद्र श्वेतपटलाच्या पूर्ण जाडीतून आरपार जात असे. नेत्रजलाच्या ओघास आवर घालणारे तेथे काही नव्हते. उंच दाबाचा डोळा क्वचित अतिसैल होई, शिवाय उशिरा होणाऱ्या जंतुसंसर्गाची भीती राही.

केंब्रिजचे केर्न्स यांनी १९६८ साली मांडलेल्या ट्रॅबेक्युलेक्टॉमीत छिद्रावर श्वेतपटलाचीच अर्ध्या जाडीची झडप टाक्यांनी बसविली जाऊ लागली. ओघ नियंत्रित झाला, पण व्रण धरून वाट बुजू लागली. त्यावर उपाय म्हणून १९८० च्या दशकात मायटोमायसिन हे कर्करोगावरील औषध शस्त्रक्रियेच्या जागी लावण्यात आले. व्रण रोखला गेला. परंतु त्याबरोबर जुने संकटही परतले. तरुण व निकटदृष्टी असलेल्या रुग्णांत ते अधिक आढळले, कारण त्यांचे श्वेतपटल लवचीक असते. गॅस यांनी १९७२ सालीच या विकृतीस ‘हायपोटोनी मॅक्युलोपथी’ हे नाव दिले होते. ते आता शल्यचिकित्सकांच्या नित्य चर्चेत आले. एका दोषाचे निवारण दुसऱ्या दोषाचे कारण ठरावे, हे या शाखेत वारंवार घडले आहे.

उपचाराची दिशा मात्र उलटी असते. प्रथम फ्लोरेसीन रंग टाकून गळती शोधली जाते. सौम्य स्थितीत प्रतीक्षा, अ‍ॅट्रोपिनचे थेंब व मोठी संरक्षक कॉन्टॅक्ट लेन्स पुरेशी ठरते. पुढे रुग्णाचेच रक्त जलकोशात टोचणे, कोशावर दाब देणारे टाके घालणे, अखेरीस झडप पुन्हा शिवणे किंवा दात्याच्या श्वेतपटलाचा तुकडा बसविणे, असा क्रम येतो. दाब सुधारल्यानंतरही सुरकुत्या विरण्यास वेळ लागतो. विलंब फार झाल्यास त्या कायम राहू शकतात.

नाशिक येथे १९९८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या पदव्यांखाली राज्यातील नेत्रशल्याचे पदव्युत्तर शिक्षण दिले जाते. मोतीबिंदू शिबिरांच्या परंपरेत शस्त्रक्रियेचे यश संख्येने मोजण्याची सवय रुजली. काचबिंदूत मात्र केवळ दाबाचा आकडा उतरला की काम झाले असे म्हणता येत नाही. ४ मिलिमीटरचा आकडा नोंदवहीत शोभून दिसत असतानाच रुग्णास अक्षरे वाकडी दिसत असतात.