देखभालीचा हक्क कोणाचा?

संगणकाच्या देखभालीचा करार विक्रेत्याशीच करायचा असतो, ही समजूत भाडेपद्धतीतून रुजली. आयबीएम ही अमेरिकन कंपनी आपली यंत्रे दीर्घकाळ केवळ भाड्याने देत असे; मालकी तिचीच राहत असल्याने दुरुस्तीही तिचेच तंत्रज्ञ करीत आणि तिचा खर्च भाड्यातच धरलेला असे. मक्तेदारीविरोधी खटल्यातील तडजोडीनुसार १९५६ साली न्यायालयाचा जो हुकूमनामा निघाला, त्याने कंपनीला यंत्रे विकणे तर भाग पडलेच, शिवाय बाहेरच्या दुरुस्ती करणाऱ्यांना सुटे भाग पुरवण्याचे बंधनही तिच्यावर आले. विक्रेता किंवा ग्राहक यांपैकी कोणीही नसलेल्या व्यावसायिकाने करावयाच्या ‘त्रयस्थ देखभाली’ला असा कायद्याचा आधार मिळाला.

अशी देखभाल देशव्यापी प्रमाणावरही चालू शकते, हे भारतात दिसले. परकीय भांडवलावरील निर्बंधांच्या वादातून आयबीएमने १९७८ साली देश सोडला, तेव्हा तिच्या येथील यंत्रांची जबाबदारी १९७५ मध्ये स्थापन झालेल्या ‘कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन’ या सरकारी कंपनीकडे आली. मूळ उत्पादक निघून गेल्यावरही यंत्रे चालू ठेवणाऱ्या या तंत्रज्ञांच्या कामाची नोंद भारतीय संगणकाच्या इतिहासात फार थोडक्यात घेतली जाते, हे अन्यायाचे आहे.

यंत्राच्या बाबतीत सुटलेला हा प्रश्न सॉफ्टवेअरने पुन्हा उभा केला, कारण सॉफ्टवेअर ग्राहकाच्या मालकीचे होत नाही, त्याला मिळतो तो वापराचा परवाना. १९९३ सालच्या ‘एमएआय विरुद्ध पीक’ या अमेरिकन खटल्यात हा पेच उघड झाला. पीक या त्रयस्थ देखभाल कंपनीचा तंत्रज्ञ ग्राहकाकडे जाऊन एमएआय या उत्पादक कंपनीचा संगणक चालू करी आणि बिघाडांची नोंदवही पडद्यावर पाही. पण संगणक चालू होताच त्याची कार्यप्रणाली, म्हणजे यंत्राचा सारा कारभार सांभाळणारे मूळ सॉफ्टवेअर, तात्पुरत्या स्मृतीत उतरते, आणि हे उतरणे म्हणजेच प्रत काढणे होय, असा निर्णय अपील न्यायालयाने दिला. परवाना ग्राहकाचा होता, पीकचा नव्हता. त्यामुळे नुसते बटण दाबणे हाच कॉपीराइटचा भंग ठरला. या निर्णयाने दुरुस्तीचा सबंध धंदाच धोक्यात आल्याने अमेरिकन काँग्रेसने १९९८ मध्ये कायदा दुरुस्त केला आणि यंत्राच्या देखभालीसाठी ते चालू करताना आपोआप होणाऱ्या प्रतीला, काम संपताच ती नष्ट करण्याच्या अटीवर, मुभा दिली.

ही मुभा यंत्राच्या देखभालीपुरती होती. खुद्द सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांना तिचा आसरा मिळाला नाही. ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीने २००५ साली पीपलसॉफ्ट ही दुसरी सॉफ्टवेअर कंपनी विकत घेतली, त्याच वर्षी ओरॅकलची प्रतिस्पर्धी कंपनी सॅप हिने, पीपलसॉफ्टच्या ग्राहकांना स्वस्तात देखभाल पुरवणारी ‘टुमारोनाऊ’ ही कंपनी आपल्याकडे घेतली. ग्राहकांच्या नावाने उतरवून घेतलेल्या फाइली आणि टुमारोनाऊच्या स्वतःच्या संगणकांवर ठेवलेल्या प्रती, यांवरून ओरॅकलने २००७ मध्ये दावा लावला. पुढच्याच वर्षी टुमारोनाऊ बंद झाली. २०१० मध्ये ज्यूरीने १.३ अब्ज डॉलरची भरपाई सुनावली, ती न्यायाधीशांनी रद्द केली, तरी सॅपला अखेर कोट्यवधी डॉलर मोजावेच लागले. त्रयस्थाकडून सेवा घेणे मात्र या खटल्याने बेकायदा ठरले नाही. वाद होता तो प्रती कोठे ठेवल्या आणि कोणासाठी वापरल्या याचा, आणि रिमिनी स्ट्रीट या दुसऱ्या त्रयस्थ कंपनीवर ओरॅकलने २०१० मध्ये भरलेल्या दाव्यातही मुख्य मुद्दा हाच राहिला.