नजरअंदाज ते नमुना : मराठवाड्यातील पीकमोजणीची चारशे वर्षे

औरंगपुरा हा छत्रपती संभाजीनगरातील जुन्या पुऱ्यांपैकी एक असून, सरस्वती भुवन संस्थेचे शैक्षणिक संकुल, जिल्हा परिषदेचे कार्यालय आणि पाठ्यपुस्तकांची दुकाने यांमुळे शहराच्या विद्याव्यवहारात आणि जिल्ह्याच्या कारभारात त्याला महत्त्वाचे स्थान लाभले आहे. या दुकानांतून संशोधन पद्धती आणि संख्याशास्त्र या विषयाचे पुस्तक घेऊन जाणाऱ्या विद्यार्थ्याला नमुना, सरासरी, अभिनती, प्रमाण त्रुटी या संज्ञा परीक्षेपुरत्या पाठ करावयाच्या व्याख्या वाटतात. मात्र या संज्ञांमागील प्रश्न याच प्रदेशात शेतसारा ठरविताना, दुष्काळ जाहीर करताना आणि पीकविम्याची भरपाई देताना गेली चारशे वर्षे विचारले गेले आहेत. शेतात नेमके किती पिकले, हे सगळे शेत न कापता कसे सांगावे, हा त्यांतील मूळ प्रश्न होय; आणि त्याच्या उत्तरांचा इतिहास पाहिला म्हणजे संशोधन पद्धतीची मूलतत्त्वे कोणत्या गरजेतून जन्मली हे स्पष्ट होते.

या इतिहासाचा आरंभ शहराच्या स्थापनेपासूनच करता येतो. १६१० मध्ये खडकी हे नगर वसविणाऱ्या मलिक अंबरने निजामशाही मुलखात महसुलाची जी घडी बसविली, तिचे वर्णन ग्रँट डफ यांनी १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात केले आहे. त्यानुसार मलिक अंबरने मक्त्याची पद्धत, म्हणजे ठरावीक रक्कम भरून वसुलीचा हक्क विकत घेण्याची रीत, बंद केली. प्रत्यक्ष उत्पन्नाचा माफक हिस्सा प्रथम धान्यरूपाने घेतला, आणि अनेक हंगामांचा अनुभव जमा झाल्यावर त्याचे रूपांतर लागवडीनुसार दरवर्षी ठरणाऱ्या रोख रकमेत केले. एका वर्षाच्या पिकावर विसंबून दर न ठरविता अनेक वर्षांची निरीक्षणे जमेपर्यंत थांबणे, ही यातील शास्त्रीय दृष्टी होय. ज्या राशीचे मूल्य वेळेनुसार किंवा जागेनुसार बदलते तिला संख्याशास्त्रात चल म्हणतात. पावसावर अवलंबून असलेले पीक हा असाच चल असल्याने त्याचे एकच निरीक्षण कोणत्याही निर्णयाला पुरेसे ठरत नाही.

औरंगजेबाच्या दख्खनच्या दुसऱ्या सुभेदारीत खडकीचे औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) झाले आणि मुर्शिदकुली खान या दिवाणाने येथील महसुलाची पुन्हा मांडणी केली. काही ठिकाणी नांगरामागे सारा घेण्याची जुनी चाल त्याने राहू दिली, काही ठिकाणी पिकाची वाटणी सुरू केली, तर काही ठिकाणी जमीन मोजून बिघ्यावर दर बसविला. वाटणीत कोरडवाहू पिकाचा अर्धा आणि विहिरीच्या पाण्यावरील पिकाचा एक तृतीयांश हिस्सा सरकारचा असे. मोजणीत चूक राहू नये म्हणून हा दिवाण प्रसंगी मोजणीच्या दोरीचे एक टोक स्वतः धरीत असे, अशी नोंद इतिहासकार खाफीखानाने केली आहे. आधारसामग्री गोळा करणाऱ्याच्या हाती संशोधनाची सारी विश्वासार्हता असते, हे तत्त्व त्या नोंदीत दिसते.

मुर्शिदकुलीसमोर आदर्श होता तो अकबराच्या काळात तोडरमलाने घालून दिलेल्या पद्धतीचा. त्या पद्धतीत उत्तम, मध्यम आणि कनिष्ठ जमिनीचे उत्पन्न एकत्र करून त्याला तिनाने भागत आणि आलेल्या सरासरीचा एक तृतीयांश सरकारी हिस्सा धरीत. ऐन-ए-अकबरीतील तक्त्यात गव्हाचे बिघ्यामागील उत्पन्न उत्तम जमिनीत १८ मण, मध्यम जमिनीत १२ मण आणि कनिष्ठ जमिनीत ८ मण ३५ शेर दिले असून, ४० शेरांचा मण या हिशेबाने त्यांची सरासरी सुमारे १२ मण ३८ शेर येते. ही साधी सरासरी होय, कारण तिच्यात तिन्ही प्रतींना सारखेच महत्त्व दिले आहे. परंतु एखाद्या गावातील १० बिघ्यांपैकी २ उत्तम, ३ मध्यम आणि ५ कनिष्ठ असतील, तर प्रत्येक प्रतीचे उत्पन्न तिच्या क्षेत्राने गुणून, बेरजेला १० ने भागले पाहिजे. तसे केल्यास उत्तर सुमारे ११ मण २५ शेर येते. या दुसऱ्या सरासरीला भारित सरासरी म्हणतात. दोहोंमधील सव्वा मणाहून अधिक असलेल्या फरकाचा एक तृतीयांश भार हलक्या जमिनीच्या गावाला प्रत्येक बिघ्यामागे सोसावा लागला असता, आणि म्हणूनच सरासरी कोणती घ्यावी हा प्रश्न गणिताइतकाच न्यायाचाही ठरतो.

एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात या प्रश्नाला नवे वळण मिळाले. आर. के. प्रिंगल या अधिकाऱ्याने १८३० च्या सुमारास पुणे भागातील जमिनींचा सारा निव्वळ उत्पन्नावर, म्हणजे लागवडीचा खर्च वजा जाता उरणाऱ्या उत्पन्नावर, बसविण्याचा प्रयत्न केला. त्यामागचा सिद्धांत त्या काळच्या अर्थशास्त्राला धरून होता. परंतु क्षेत्र, उत्पन्न आणि खर्च यांचे आकडे हाताखालच्या नोकरवर्गाने चुकीचे, आणि पुष्कळदा लाच घेऊन, नोंदविले असल्याने सारी आकारणी कोसळली व अनेक रयतांनी जमिनी सोडल्या. संशोधन पद्धतीत मोजमापाचे दोन गुण स्वतंत्रपणे तपासले जातात. जे मोजावयाचे तेच मोजले जाते की नाही याला वैधता म्हणतात, तर तीच वस्तू पुन्हा किंवा दुसऱ्याने मोजली असता तेच उत्तर येते की नाही याला विश्वसनीयता म्हणतात. प्रिंगल यांच्या कल्पनेत वैधतेचा विचार होता, पण प्रत्यक्ष नोंदींत विश्वसनीयता नव्हती.

इंदापूर तालुक्यात १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी हाती घेतलेल्या मोजणीने हा धडा घेतला. निव्वळ उत्पन्नासारखी सहज लपविता येणारी राशी बाजूला ठेवून त्यांनी मातीचा रंग, पोत आणि हाताच्या मापाने मोजलेली खोली पाहिली, चुनखडी, उतार, वाळू असे दोष वजा केले आणि सोळा आण्यांपासून उतरत जाणाऱ्या नऊ वर्गांत जमिनीची प्रतवारी लावली. दोन वेगळ्या कारकुनांनी एकच शेत पाहिले तरी त्यांचा निष्कर्ष जवळपास सारखा यावा, अशी ही मोजपट्टी होती. पुढे निजामाच्या राज्यातील मराठवाड्याच्या जिल्ह्यांतही मुंबईच्या धर्तीवर रयतवारी मोजणी झाली आणि आण्यांची ही भाषा येथील कारभारात रुजली.

जमिनीच्या प्रतवारीबरोबर हंगामाची प्रतवारीही आण्यांतच होऊ लागली आणि तिला आणेवारी म्हणू लागले. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक, आणि त्या प्रमाणात आठ आणे, सहा आणे, चार आणे असा चालू हंगामाचा अंदाज. हा अंदाज बहुधा नजरेने होत असे, आणि नजरेच्या अंदाजाची मर्यादा १९१८ च्या खेडा सत्याग्रहात साऱ्या देशासमोर आली. पीक चार आण्यांहून कमी असल्यास त्या वर्षाची सारावसुली तहकूब व्हावी, हा नियम दोन्ही पक्षांना मान्य होता. वाद होता तो पीक चार आण्यांच्या खाली आहे की वर, एवढाच. सरकारी अधिकाऱ्यांचा अंदाज वर गेला, तर गांधीजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव केलेली चौकशी खाली राहिली. मोजणाऱ्याच्या हितसंबंधामुळे किंवा अपेक्षेमुळे मोजमाप सातत्याने एकाच दिशेला झुकते, त्या झुकावाला संख्याशास्त्रात अभिनती म्हणतात. कधी जास्त, कधी कमी होणाऱ्या चुका अनेक निरीक्षणांत परस्परांना रद्द करतात. अभिनती मात्र निरीक्षणे कितीही वाढविली तरी नाहीशी होत नाही, आणि म्हणून ती मुळातच टाळावी लागते.

निवडीतील अभिनती टाळण्याचा उपाय यादृच्छिक निवडीने दिला. ज्या समग्र समूहाविषयी निष्कर्ष काढावयाचा त्याला समष्टी आणि त्यातून प्रत्यक्ष तपासलेल्या भागाला नमुना म्हणतात. समष्टीतील प्रत्येक घटकाला निवडले जाण्याची आधीच ठाऊक असलेली संधी मिळेल आणि निवड माणसाच्या मर्जीवर न राहता योगायोगावर सोपविली जाईल, अशा निवडीला यादृच्छिक निवड म्हणतात. बिहार व ओडिशात काम केलेले जे. ए. हबॅक यांनी भातपिकाच्या नमुनेकापणीचा अहवाल १९२७ मध्ये प्रसिद्ध केला आणि कापणीची जागा अधिकाऱ्याने निवडू नये असा आग्रह धरला. इंग्लंडमध्ये रोनाल्ड फिशर यांनी १९२५ आणि १९३५ मधील आपल्या ग्रंथांतून यादृच्छिकीकरणाला प्रयोगशास्त्रात मध्यवर्ती स्थान दिले, आणि हबॅक यांच्या कामाचा आपल्यावर प्रभाव पडल्याचे पुढे मान्यही केले. भारतातील शेताच्या बांधावर उभा राहिलेला प्रश्न जागतिक संख्याशास्त्राला आकार देणाऱ्या प्रश्नांपैकी एक होता, हे यावरून दिसते.

या परंपरेला महाराष्ट्राने दिलेले मोठे नाव म्हणजे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ मध्ये जन्मलेल्या सुखात्मे यांनी लंडनमध्ये संख्याशास्त्राचे उच्च शिक्षण घेतले आणि १९४० नंतर भारतीय कृषी संशोधन परिषदेत पीक कापणी प्रयोगांची शास्त्रीय पद्धत उभी केली. गावाच्या यादीतून यादृच्छिक अंकांच्या साहाय्याने शेत निवडावयाचे, त्या शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून लांबी-रुंदीची पावलेही तशाच अंकांनी ठरवावयाची, तेथे खुंट्या व दोरी लावून ठरावीक मापाचा तुकडा आखावयाचा आणि त्यातील पीक कापून, मळून, वजन करावयाचे, अशी ही रीत आहे. चांगले दिसणारे शेत टाळण्याची किंवा वाईट दिसणारे शेत दाखविण्याची मुभा तिच्यात कोणालाही राहत नाही.

तुकडा किती मोठा असावा, यावर संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस आणि सुखात्मे यांच्यात झालेला वाद विद्यार्थ्यांनी विशेष अभ्यासावा असा आहे. महालनोबिस यांनी बंगालमध्ये लहान तुकड्यांचा वापर केला होता, कारण लहान तुकडे पुष्कळ संख्येने घेता येतात. लहान तुकड्यांमुळे उत्पन्नाचा अंदाज फुगतो, असे सुखात्मे यांनी १९४६ मध्ये दाखवून दिले. १० मीटर बाजूच्या चौरसाचे क्षेत्र १०० चौरस मीटर आणि परिमिती ४० मीटर असते, म्हणजे दर चौरस मीटरमागे सीमा ०.४ मीटर पडते; १ मीटर बाजूच्या चौरसात तीच सीमा ४ मीटर, म्हणजे दहापट होते. सीमेवरचे झाड आत धरावे की बाहेर, असा संशय आला म्हणजे कापणाऱ्याचा कल ते आत धरण्याकडे असतो, आणि सीमा जितकी अधिक तितकी ही चूकही अधिक. यादृच्छिक निवड निर्दोष असूनही मोजणीच्या पायरीवर अभिनती शिरू शकते, हे या विवेचनाने सिद्ध केले. सुखात्मे यांनी विनायक गोविंद पानसे यांच्यासह लिहिलेला कृषी कार्यकर्त्यांसाठीचा संख्याशास्त्रीय पद्धतींवरील ग्रंथ १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि कृषी शिक्षणात तो पुढील अनेक पिढ्यांचा आधारग्रंथ ठरला.

दशमान नाण्यांनंतर आणेवारीची पैसेवारी झाली. आज सप्टेंबरअखेर नजरअंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित आणि डिसेंबरात अंतिम अशी खरिपाची पैसेवारी मराठवाड्यात जाहीर होते, आणि ५० पैशांच्या आत आलेली गावे टंचाईग्रस्त मानण्याचा प्रघात आहे. या एका आकड्यामागे किती अनिश्चितता असते, हे लहानशा उदाहरणाने समजते. समजा, एका गावात १०० चौरस मीटरच्या ४ तुकड्यांतून सोयाबीनचे ९, १२, १५ आणि २० किलो उत्पन्न निघाले. त्यांची सरासरी १४ किलो, म्हणजे हेक्टरी १४ क्विंटल येते. सरासरीपासूनच्या अंतरांचे वर्ग अनुक्रमे २५, ४, १ आणि ३६ असून त्यांच्या बेरजेला, म्हणजे ६६ ला, निरीक्षणांच्या संख्येपेक्षा एक कमी अशा ३ ने भागून वर्गमूळ काढल्यास सुमारे ४.७ मिळते; निरीक्षणे किती विखुरलेली आहेत हे सांगणाऱ्या या संख्येला प्रमाण विचलन म्हणतात. तिला ४ च्या वर्गमुळाने भागल्यावर सुमारे २.३५ ही प्रमाण त्रुटी मिळते, आणि नमुन्यातून काढलेली सरासरी समष्टीच्या खऱ्या सरासरीपासून साधारण किती दूर असू शकते हे ती दर्शविते. मदतीची सीमारेषा १५ क्विंटल असेल, तर १४ हा आकडा तिच्या खाली असला तरी गाव खरोखर खाली आहे असे ठामपणे म्हणता येत नाही. आणि ही त्रुटी निम्मी करावयाची तर तुकडे दुप्पट घेऊन भागत नाही, ते चौपट, म्हणजे १६ घ्यावे लागतात.

२०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत हा जुना वारसा नव्या रूपात दिसतो. तिच्यातील उंबरठा उत्पन्न मागील ७ वर्षांपैकी सर्वोत्तम ५ वर्षांच्या सरासरीला जोखीमस्तराने, म्हणजे विमा संरक्षणाच्या ठरलेल्या टक्केवारीने, गुणून काढतात. सर्वांत कमी उत्पन्नाची दोन वर्षे वगळल्याने शेतकऱ्याचा आधारस्तर खचत नाही, म्हणजे येथे सरासरीची निवड जाणीवपूर्वक एका सामाजिक हेतूने केलेली आहे. तोडरमलाच्या तक्त्यापासून या सूत्रापर्यंत गणित फारसे अवघड झालेले नाही. बदलले आहे ते कोणती निरीक्षणे घ्यावीत, ती कोणी निवडावीत आणि त्यांतील त्रुटी किती मानावी, याविषयीचे भान.

संख्येचे बळ ती कोणत्या रीतीने गोळा केली यावर अवलंबून असते, हा या चारशे वर्षांच्या इतिहासाचा निष्कर्ष होय. आज संगणक क्षणार्धात सरासरी आणि प्रमाण त्रुटी काढून देतो, परंतु नमुना कोणी निवडला, मोजपट्टी कोणती वापरली आणि कोणाचे हितसंबंध मोजणीत गुंतले होते, हे तो विचारीत नाही. ते विचारणे हे संशोधकाचेच काम राहते. औरंगपुऱ्यातील महाविद्यालयांत हा विषय शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी सूत्रे पाठ करण्यापूर्वी आपल्या तालुक्याची पैसेवारी कशी ठरते हे एकदा तलाठी कार्यालयात जाऊन समजून घ्यावे, शक्य झाल्यास एखादा पीक कापणी प्रयोग प्रत्यक्ष पाहावा, आणि आपल्या प्रबंधातील प्रत्येक आकड्याशेजारी तो कसा मिळविला हे प्रामाणिकपणे लिहावे. मराठवाड्यातील शेतकऱ्याला न्याय मिळण्यासाठी अशा अभ्यासकांची नितांत गरज आहे.